गीताआधीचे सूर : ‘कोराल प्रिल्यूड’ची कथा आणि आपली पेटी

प्रार्थनामंदिरात गीत सुरू होण्यापूर्वी काही क्षण केवळ वाद्य बोलत असते. भाविक गीतपुस्तकाची पाने उलटीत असतात, मुले जागेवर बसत असतात, वेदीसेवक मेणबत्त्या घेऊन दाराशी उभे असतात. वाद्य थांबले म्हणजे गायला लागायचे, एवढाच अर्थ आपण या क्षणांना देतो. परंतु युरोपातील ख्रिस्ती संगीताच्या इतिहासात नेमक्या याच क्षणांतून एक स्वतंत्र रचनाप्रकार जन्माला आला आणि जगातील अत्यंत श्रेष्ठ संगीतकारांनी त्यासाठी आपली प्रतिभा वेचली. त्या रचनाप्रकाराचे नाव ‘कोराल प्रिल्यूड’. ‘कोराल’ म्हणजे जर्मन ल्यूथरपंथीय मंडळीचे उपासनागीत. ‘प्रिल्यूड’ म्हणजे त्या गीताआधी ऑर्गनवर वाजविली जाणारी पूर्वरचना.

परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे आमच्या धर्मग्रामातील बहुतेकांनी पाईप ऑर्गन कधी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, तेथे या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, या रचनेमागील प्रश्न जर्मनीचा जितका आहे तितकाच तो आपलाही आहे. मंदिरातील वाद्य कोणासाठी वाजते? वादकासाठी, ऐकणाऱ्यांसाठी, की गाणाऱ्यांसाठी? या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर आपल्या पेटीकडे पाहण्याची दृष्टीही थोडी बदलेल, असे आम्हांस वाटते.

एका चालीचा प्रवास

कोराल हा ल्यूथरपंथीयांचा वारसा असला तरी त्यातील अनेक चालींची मुळे आपल्याच लॅटिन उपासनेत आहेत. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी लोकांनी एकत्र गावीत अशी सोपी स्तोत्रे रचली. त्यांपैकी ‘वेनी रेदेम्प्तोर जेंतिउम’ हे ख्रिस्तजन्माचे स्तोत्र शतकानुशतके ख्रिस्तसभेत गायिले गेले. मार्टिन ल्यूथर यांनी त्याचे जर्मन रूपांतर केले आणि १५२४ साली ते छापले गेले. जुनी चाल जर्मन शब्दांच्या मापाने थोडी बदलली, पण तिची ओळख पुसली गेली नाही. पवित्र आत्म्याला आवाहन करणारे ‘वेनी क्रेआतोर’ आणि पुनरुत्थानाच्या सणाचे ‘विक्तिमे पास्काली’ यांच्या बाबतीतही असेच घडले. ख्रिस्तसभेची शकले झाली. चाली मात्र सीमा ओलांडून दोन्ही बाजूंना नांदत राहिल्या.

त्या काळात ऑर्गन आजच्यासारखा गाण्याबरोबर सतत वाजत नसे. कॅथलिक मंदिरांत स्तोत्राचे एक कडवे गायकवृंद गाई आणि पुढचे कडवे ऑर्गन एकटाच वाजवी. लोक ते कडवे मनात म्हणत. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचे ऑर्गनवादक जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी यांनी १६३५ साली ‘फिओरी म्युझिकाली’ म्हणजे ‘संगीतपुष्पे’ या नावाने मिस्साविधीत वाजविण्याच्या रचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे १७१४ मध्ये या कॅथलिक ग्रंथाची एक प्रत जर्मनीतील एका तरुण ल्यूथरपंथीय वादकाने आपल्या संग्रही ठेवली. त्याचे नाव योहान सेबास्टियन बाख.

जर्मन मंदिरांत लोकगायनाला मोठे महत्त्व आल्यावर ऑर्गनवादकावर एक नवी जबाबदारी पडली. आज कोणते गीत गायचे आहे, त्याची चाल कोणती, ते कोणत्या पट्टीत आणि कोणत्या गतीने उचलायचे, हे शेकडो लोकांना एकाच वेळी सांगायचे कसे? तेव्हा सर्वांच्या हाती पुस्तक नसे आणि स्वरलिपी वाचणारे तर विरळाच. म्हणून वादक आधी ती चाल वाजवून दाखवू लागला. नुसती चाल वाजविण्याऐवजी तिच्याभोवती अन्य स्वरांची वीण घालू लागला. गरजेतून जन्मलेल्या या कामाला हळूहळू कलेचे रूप आले.

चार आवाज, दोन हात, दोन पाय

ही रचना वाजते कशी, हे थोडे समजून घेऊ. पाईप ऑर्गनमध्ये भात्याने कोंडलेली हवा लहानमोठ्या नळ्यांत सोडली जाते. वादकासमोर हातांच्या पट्ट्यांच्या दोन वा अधिक रांगा असतात आणि पायांखाली लाकडी पट्ट्यांची आणखी एक रांग असते. प्रत्येक रांगेला वेगळ्या आवाजाच्या नळ्या जोडता येतात. त्यामुळे एकच माणूस उजव्या हाताने गीताची चाल एका रांगेवर ठळकपणे वाजवितो, डाव्या हाताने दुसऱ्या रांगेवर मधले दोन आवाज सौम्यपणे चालवितो आणि पायांनी खर्जाचा आवाज सांभाळतो. चार गायक एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गात आहेत, आणि तरीही ते एकच गीत आहे, असा अनुभव ऐकणाऱ्याला येतो.

यातही अनेक रीती निर्माण झाल्या. योहान पाखेलबेल यांच्या रचनांत गीताची प्रत्येक ओळ येण्यापूर्वी तिचेच लहान रूप अन्य आवाजांत एकामागून एक उमटते. जणू कोणी पाहुणा येण्याआधी घरातील मुले धावत येऊन त्याचे नाव सांगतात. ल्यूबेक शहरातील संत मरियेच्या मंदिरात १६६८ पासून १७०७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, वादक असलेले डीट्रिख बुक्स्टेहुडे चालीला गायकासारख्या हरकती देऊन ती नटवीत. तिसऱ्या रीतीत चाल अगदी लांबलांब स्वरांत, बहुधा पायांच्या पट्ट्यांवर, संथपणे चालते आणि वर हातांचे स्वर तिच्याभोवती खेळतात. रीत कोणतीही असो, एक नियम सहसा मोडला जात नसे : चाल हरवू द्यायची नाही. बाकीचे सारे स्वर तिच्या सेवेला असत.

‘ऑर्गनची छोटी वही’

बाख वायमार येथे सेवेत असताना, १७०८ ते १७१७ या काळात, त्यांनी एक वही हाती घेतली. तिचे नाव ‘ऑर्गेलब्युखलाइन’, म्हणजे ‘ऑर्गनची छोटी वही’. त्यांनी पानापानांवर गीतांची नावे आधीच लिहून ठेवली होती. एकूण १६४ गीतांची योजना होती. प्रत्यक्षात ४६ रचना पूर्ण झाल्या आणि उरलेली बहुतेक पाने कोरीच राहिली. या वहीचा क्रम पाहिला की कोणाही कॅथलिक माणसाला ती आपली वाटावी. आगमनकाळापासून ती सुरू होते. मग नाताळ, नवे वर्ष, ख्रिस्ताचे दुःखसहन, पुनरुत्थान, पवित्र आत्म्याचे आगमन असा उपासनावर्षाचा मार्ग ती चालते. आणि तिचे पहिलेच पान आहे संत अँब्रोज यांच्या त्या प्राचीन स्तोत्राच्या जर्मन रूपाचे.

पुढे बाख यांनी या वहीला मुखपृष्ठ जोडले. ही वही नवशिक्या वादकाला कोराल अनेक प्रकारे फुलविण्यास आणि पायांच्या पट्ट्या चालविण्यास शिकविण्यासाठी आहे, असे त्यांनी तेथे नमूद केले आणि ती परमेश्वराच्या गौरवासाठी व शेजाऱ्याच्या शिक्षणासाठी अर्पण केली. देवाचा गौरव आणि शेजाऱ्याचे हित! प्रभू येशूने सांगितलेल्या दोन मुख्य आज्ञांचेच हे स्वररूप म्हणावे लागेल.

या रचना बहुतांशी एक-दोन पानांच्या आहेत. चाल एकदाच येते आणि रचना संपते. पण तेवढ्यात शब्दांचा अर्थही स्वरांत उतरतो. आदामाच्या पतनाविषयीच्या गीताची पूर्वरचना घ्या. तेथे पायांच्या पट्ट्यांवर खर्जाचा स्वर पुन:पुन्हा मोठ्या अंतरावरून खाली कोसळतो. वादकाचा पाय खरोखरच वरून खाली झेप घेतो. मधल्या आवाजांत सरपटल्यासारखे स्वर येतात. त्यांत अनेकांना एदेन बागेतील सर्प दिसला आहे. आणि या साऱ्या पडझडीच्या वर गीताची चाल मात्र न डगमगता चालू राहते. पाप आणि तारण यांवर प्रवचन करताना आम्हां धर्मगुरूंना जे सांगायला वीस मिनिटे लागतात, ते येथे दोनएक मिनिटांत सांगून होते.

आर्नश्टाटची कानउघाडणी

बाख यांच्या आयुष्यातील एक प्रसंग मात्र या कलेच्या मर्मावर बोट ठेवतो. वीस वर्षांचे असताना ते आर्नश्टाट गावी मंदिराचे वादक होते. १७०५ च्या ऑक्टोबरात चार आठवड्यांची रजा घेऊन ते बुक्स्टेहुडे यांचे वादन ऐकण्यासाठी ल्यूबेकला गेले. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, आणि प्रवास पायी केल्याचे सांगितले जाते. चार आठवड्यांचे जवळजवळ चार महिने झाले. परतल्यावर १७०६ च्या फेब्रुवारीत मंदिराच्या अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून जाब विचारला. रजेचा प्रश्न तर होताच. पण दुसरी तक्रार अशी होती की, बाख कोरालमध्ये चमत्कारिक फेरफार करतात, परके स्वर मिसळतात आणि त्यामुळे मंडळी गोंधळून जाते. त्याच चौकशीत असेही पुढे आले की, पूर्वी हा वादक फार लांब पूर्ववादन करी. वरिष्ठांनी सांगताच तो दुसऱ्या टोकाला गेला आणि फारच आखूड वाजवू लागला.

आपल्याकडे ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. या प्रसंगाकडे पाहताना लोक सहसा प्रतिभावंताची बाजू घेतात आणि अधिकाऱ्यांना अरसिक ठरवितात. आम्हांस ते पूर्ण न्याय्य वाटत नाही. ती मंडळी संगीत ऐकायला जमली नव्हती, देवाची स्तुती गायला जमली होती. त्यांच्या कंठातील गीत अडले, तर वादन कितीही थोर असले तरी त्याचे काम अपुरे राहिले. उलट, बाख यांचा मोठेपणा असा की, काही वर्षांनी लिहिलेल्या त्या छोट्या वहीत त्यांनी आपली सारी कल्पकता आखूड, नेटक्या आणि चालीशी एकनिष्ठ रचनांत ओतली. त्या कानउघाडणीचाच हा परिणाम, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण आर्नश्टाटच्या मंडळीची गरज या वहीत पूर्ण झालेली दिसते.

ऑर्गन भारतात येतो

ऑर्गन आपल्या देशाला सोळाव्या शतकातच ठाऊक झाला. १५७० च्या दशकात अकबर बादशहाने हाजी हबीबुल्ला यांना गोव्याला पाठविले. त्यांनी आणलेल्या नवलाच्या वस्तूंत एक ऑर्गनही होता. दरबारी इतिहासकार बदायुनी याने माणसाएवढ्या पेटीचे आणि तिचा भाता हलविणाऱ्यांचे वर्णन केले आहे. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली धर्मग्रामशाळांतून मुलांना गायन-वादन शिकविले जाई. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी छंदात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. म्हणजे एकाच भूमीत एकीकडे ऑर्गनवर लॅटिन स्तोत्रे वाजत होती आणि दुसरीकडे ओवीच्या चालीवर ख्रिस्तकथा गायिली जात होती. या दोन प्रवाहांचा संगम व्हायला मात्र बराच काळ जावा लागला.

पाईप ऑर्गन आपल्या मोठ्या शहरांतील थोड्या मंदिरांपुरताच राहिला. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये आणि फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये तो पाहावयास मिळतो. त्याची किंमत मोठी, जागा मोठी. आणि आपला पावसाळा लाकडाला व कातड्याच्या भात्याला सोसणारा नव्हे. खेड्यापाड्यांत पोहोचले ते त्याचे धाकटे भावंड. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांड्र दबँ यांनी हार्मोनियमची निर्मिती केली. नळ्यांऐवजी धातूच्या पातळ सुरांवर हवा सोडणारी ही पेटी पायांनी भाता हलवून वाजवीत. मिशनरी आणि युरोपीय कुटुंबे यांच्याबरोबर ती भारतात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी तिला नवे रूप दिले. आपला वादक जमिनीवर मांडी घालून बसतो, हे ओळखून त्यांनी पायाचा भाता काढून मागील बाजूला हाताचा भाता बसविला.

या लहानशा बदलाचा परिणाम फार मोठा झाला. डावा हात भात्यात गुंतला आणि पाय मोकळे झाले. म्हणजे कोराल प्रिल्यूडमधील मधले दोन आवाज गेले, पायांचा खर्जही गेला. उरली ती फक्त उजव्या हाताची चाल, आणि खुंटी ओढून सतत धरता येणारा आधारस्वर. पाश्चात्त्य दृष्टीने ही हानी होय. आपल्या दृष्टीने मात्र एका चालीभोवती आणि एका षड्जावर उभ्या असलेल्या संगीताला नेमके हवे ते वाद्य मिळाले. बाख यांनी जी चाल हरवू दिली नाही, तेवढीच या पेटीने मुळात हाती ठेवली.

मराठी मुलखात तर पेटी आणि पायाने वाजणारा ऑर्गन यांनी घरच केले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचा पाया घातला. विसाव्या शतकात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीला प्रतिष्ठा दिली आणि बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनचा भरदार सूर महाराष्ट्राच्या कानांत बसला. नाटकाआधीची नांदी ऑर्गनच्या सुरावर उभी राहू लागली; तीही एक प्रकारची पूर्वरचनाच. पेटीवर आक्षेपही आले. तिचे स्वर पक्के बांधलेले. त्यांतून मींड आणि सूक्ष्म श्रुती निघत नाहीत, या कारणाने १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या तीस वर्षांत रेडिओवर पेटी मुकी होती. परंतु खेड्यातील भजनात आणि मंदिरात ती वाजतच राहिली.

आपल्या गावांतील पूर्ववादन

परभणी जिल्ह्यात ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. येथील भजनी मंडळात अभंगाआधी पेटीवाला चाल फिरवून दाखवितो, मृदंग ठेका धरतो, विणेकरी पहिला चरण उचलतो आणि टाळकरी तो झेलतात. कोणी कोणाला पट्टी सांगत नाही. ती सुरांनीच सांगितली जाते. परभणीच्या उरुसात कव्वालही पेटीवर आधी सूर भरतो आणि मग शब्दांना हात घालतो. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या या भागातील आपल्या लहान लहान ख्रिस्ती वस्त्यांत जे गीत चालते, त्याचे कान याच मातीत तयार झालेले आहेत. ढोलकी, झांज, टाळ आणि पेटी घेऊन आपले लोक नाताळची गाणी गातात, तेव्हा ते एका जुन्या रीतीलाच ख्रिस्ताच्या चरणी ठेवीत असतात.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात या साऱ्याला जागा करून दिली. लॅटिन ख्रिस्तसभेत पाईप ऑर्गनचा मोठा मान राखावा, असे तिने म्हटले. त्याचबरोबर पवित्र उपयोगाला योग्य अशी अन्य वाद्येही स्वीकारता येतील, आणि मिशनभूमीतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य महत्त्व द्यावे, असेही सांगितले. त्याच संविधानात लोकांच्या धार्मिक गायनाला कौशल्याने उत्तेजन देण्याचा आग्रह आहे. १९६७ च्या संगीतविषयक सूचनेने तर केवळ वाद्य कोठे वाजवावे हेही स्पष्ट केले : मिस्साच्या प्रारंभी धर्मगुरू वेदीपाशी येण्यापूर्वी, अर्पणाच्या वेळी, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आणि शेवटी. प्रायश्चित्तकाळात मात्र वाद्याने गायनाला आधार देण्यापुरतेच राहावे, असा संकेत आजही आहे. त्या काळातले हे मौनही एक पूर्ववादनच होय. पुनरुत्थानाच्या रात्री ‘ग्लोरिया’ घुमतो, त्याला या मौनाने धार येते.

धोका कोठे आहे?

आज अनेक मंदिरांत पेटीची जागा विजेच्या कीबोर्डने घेतली आहे. आम्ही या वाद्याच्या विरोधात नाही. पाईप ऑर्गनही त्याच्या काळातील मोठे यंत्रच होते. परंतु कीबोर्डात ताल तयार असतो, साथ तयार असते. एक कळ दाबली की सारा वाद्यवृंद हजर होतो. मग गीताआधी चित्रपटगीतासारखे लांब सुरुवातीचे संगीत वाजते, त्यात गीताची चाल क्वचितच असते, आणि पट्टी ठरते ती वादकाच्या वा एका गायकाच्या सोयीने. पहिली ओळ उंच काळी पाचमध्ये सुरू झाली की मागच्या बाकांवरची म्हातारी माणसे गप्प होतात, मग पुरुष गप्प होतात, आणि अखेर चार-पाच जणांचे गाणे दीडशे जण ऐकत उभे राहतात. आर्नश्टाटच्या मंडळीची तक्रार हीच होती. तेथे निदान समोर बाख होते!

गप्प झालेली मंडळी ही लहान गोष्ट नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी गीत हेच धर्मशिक्षणाचे पुस्तक आहे. आमच्या वस्त्यांतील कित्येक आजीबाईंना श्रद्धेचे सिद्धान्त शब्दांत मांडता येणार नाहीत; पण नाताळपासून पुनरुत्थानापर्यंतचे सारे तारणकार्य त्यांना चालीसकट पाठ आहे. ती गीते त्यांच्या नातवंडांच्या कंठात उतरली नाहीत, तर पुस्तकात छापलेली राहूनही ती मुकी होतील. म्हणून पेटीवर किंवा कीबोर्डवर बसणाऱ्या आमच्या तरुण-तरुणींना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : गीताआधी पहिल्या दोन ओळींची चाल स्वच्छ वाजवा. पट्टी अशी धरा की आजीला आणि आठवीतल्या मुलाला, दोघांनाही गाता यावे. नवे गीत असेल तर मिस्साआधी पाच मिनिटे ते सर्वांना शिकवा. सजावट जरूर करा, देवाने दिलेली कला दडवू नका. पण चाल हरवू देऊ नका. आणि मंडळी गाऊ लागली की आपला आवाज थोडा मागे घ्या.

योहान बाप्तिस्मा करणारा स्वतःविषयी म्हणाला होता की, मी वर नव्हे, वराचा मित्र आहे. त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. गीताआधी वाजणाऱ्या सुरांचे ब्रीदही हेच आहे. ते मार्ग तयार करतात आणि बाजूला होतात. वायमारच्या त्या वहीतील कितीतरी पाने बाख यांच्या हातून कोरी राहिली. येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आपल्या एखाद्या लहानशा मंदिरात कोणी मुलगी पेटीचा भाता उघडून प्रवेशगीताची चाल साधेपणाने वाजवील आणि तिच्यामागून सारी वस्ती गाऊ लागेल, तेव्हा त्यांपैकी एक पान परभणी जिल्ह्यात लिहिले गेले, असे आम्ही समजू.